पंधरा पावलांवरून सोडिलेल्या अग्निबाणाची हकीकत

श्री. सर्व यंत्रांची कळ ज्याचे हाती आहे आणि जो ती उगाच दाबीत नाही, त्यास प्रथम वंदन करून, मग सरस्वतीस, मग संतमंडळीस, आणि मग सभामंडपी सतरंजीवर जागा न मिळाली तरी खांबास टेकून कीर्तन संपेतो उभे राहणाऱ्या सकळ श्रोत्यांस दंडवत घालून ही हकीकत लिहिण्यास आरंभ केला. कारण की, शके एकोणीसशे, कालयुक्तनाम संवत्सरी, भोसरीचे मुक्कामी अग्निबाणाची जी मोहीम जाहली, तीविषयी बाजे लोक हॉटेलात बसून भलतेच बोलतात. कोणी म्हणतो बाण चंद्रास लागला, कोणी म्हणतो म्हशीस लागला. दोन्ही खोटे. सबब जे घडले ते जैसे घडले तैसे, पदरचे मीठ न घालता, लिहिले असे.

भोसरीचे आसमंती पूर्वी ज्वारीचे रान. मग तेथे औद्योगिक वसाहत बसली आणि लेथ, मिलिंग, पॉवरप्रेस यांचे लष्कर येऊन उतरले, आणि त्या लष्करामागे सोलापूर, सातारा, मराठवाडा, कोकण या प्रांतींची माणसे पत्र्याच्या ट्रंका घेऊन दाखल जाहली आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत संसार मांडून राहिली. त्यांची मुले शहाणी व्हावी म्हणोन शाळा जाहली, आणि शाळेत शास्त्र शिकवावे म्हणोन ताहेराबाई शिकलगार यांची नेमणूक जाहली. वय सव्वीस, बी.एस्सी.चा किताब, आवाज बारीक परंतु मागल्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांणी शाळेच्या पश्चिमेकडील अरुंद खोलीत विज्ञान मंडळ या नावे ठाणे बसविले, आणि दर शनिवारी दुपारी चाळीस मुलेमुली तेथे जमा होऊन भिंगे, लोहचुंबक, बेडकाची पिल्ले इत्यादी मुलुख काबीज करू लागली.

मंडळाचे मुख्य वैभव म्हणजे अग्निबाण. हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी, तिजला तीन पंख, वर बुचाचे टोक, पोटात जुन्या साडीच्या तुकड्याची छत्री, आणि बुडाशी फटाक्यांच्या परवान्याच्या दुकानातून आणिलेली दारूची तयार नळी. आकाशात जावे, तेथे छत्री उघडावी आणि सभ्यपणे खाली यावे, ऐसा त्याचा धर्म.

परंतु गतवर्षी स्नेहसंमेलनाचे दिवशी घात जाहला. त्या काळी बाणास बत्ती देण्याची रीत उदबत्तीची होती. मुलांस पुढे घालणे बरे नव्हे म्हणोन ताहेराबाई खासा वाकल्या आणि वातीस उदबत्ती लाविली. वात आखूड निघाली, बाण मुहूर्ताआधीच उठला, आणि बाईंचा उजवा हात मनगटापर्यंत होरपळला. पंधरा दिवस त्यांणी डाव्या हाताने फळा लिहिला, आणि त्या अक्षरावरून सहावीच्या वर्गाने 'प्राणवायू' हा शब्द जन्माचा चुकीचा पाठ केला.

मुख्याध्यापिका कुसुमताई राजमाने मनाच्या मऊ, शिक्क्याच्या कठोर. त्यांणी सूचनांचे वहीत फर्मान लिहिले की, आजपासून दारूखाते बंद. पुन्हा बाण उडविणे असेल तर ऐसे यंत्र पैदा करावे की बत्ती देणारा पंधरा पावलांवर असेल आणि बाण हुकुमावाचून जागचा हलणार नाही. येत्या रथसप्तमीस सर्वांदेखत ते यंत्र सिद्ध करावे. त्या दिवशी कोणाचेही बोटास ठिणगी लागली, तर विज्ञान मंडळ कायमचे बरखास्त होऊन खोली शिवणवर्गाकडे जाईल. हे फर्मान वर्गावर्गांत फिरले, आणि त्याच संध्याकाळी शिवणवर्गाच्या शालनबाई टेप घेऊन आल्या आणि खोलीची लांबीरुंदी मोजून गेल्या.

मग ताहेराबाई मदतीस्तव आपले चुलते मीरासाहेब शिकलगार यांजकडे गेल्या. मीरासाहेबांचे दुकान नाशिक रस्त्यास, ट्रक आणि टेम्पो यांचे दिवे, हॉर्न, बॅटऱ्या दुरुस्त करण्याचे. चाकण ते पिंपरी या मुलुखात रात्री जे जे वाहन उजेड पाडीत जात असे, त्यातील निम्मा उजेड मीरासाहेबांचा, ऐसा लौकिक. त्यांणी पुतणीचे म्हणणे ऐकून घेतले आणि पान थुंकून सांगितले, "बेटी, तुझा हात भाजला तेव्हा भाभीनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. जणू बाण मीच मारला. आता मीच तुला बत्तीचं यंत्र करून देऊ?"

"नका देऊ, चाचा. मग मी उदबत्तीच लावीन," ताहेराबाई म्हणाल्या.

मीरासाहेबांनी यावर तीन कप चहा सांगितला. तिसरा कप कोणास, तर बाकड्यावर एक गृहस्थ सायकलीच्या डायनामोची वाट पाहात बसले होते, त्यांस. नाव ज्योतीराम ढोबळे, राहणार मूळचे मोहोळकडील, पॉवरप्रेस खात्यातील फिटर, आणि डाव्या हातास बोटे तीन.

"हे आमचे फिटरसाहेब," मीरासाहेबांनी ओळख करून दिली. "आठ बोटांत नऊ हत्यारं धरतात."

"तुमाला धा हायत, चाचा," ज्योतीराम म्हणाले, "तरी माजा डायनामो तीन दिस हितंच पडलाय."

ऐसी सलामी जाहलियावर ताहेराबाईंनी यंत्राची मसलत कागदावर काढून दाखविली. बाणाच्या बुडी केसाएवढी बारीक तार घालावयाची, तीस लांब वायर टोकाच्या दातेरी चिमट्यांनी लावून बॅटरी जोडावयाची, बटण दाबताच तार लाल होऊन दारू पेटेल. मीरासाहेबांनी मान डोलविली. ज्योतीरामांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि एकच सवाल केला, "बाई, त्या तारंला चिमटं लावाया बाणापाशी कोण वाकनार? अन् त्या टायमाला बटन कुनाच्या हाताशी?"

बाईंनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढिला. मग ज्योतीरामांनी आपली हकीकत चहाच्या कपात बघत सांगितली, ती ऐसी. पत्रा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, अडकला होता आणि तो काढावयास त्यांणी आत हात घातला होता, आणि यंत्राच्या पलीकडे उभ्या गड्याने "बघू, चालतंय का" म्हणोन बटण दाबिले. "त्याचा राग न्हाई माजा," ते म्हणाले. "त्याला मी दिसलोच न्हाई. पन तवापासनं माजा एकच कायदा हाय. ज्याचा हात यंत्रात, फ्यूज त्याच्या खिशात. फोरमन हसतो. हसू दे. फ्यूज खिशात असल्याबिगर मी आता पंख्यालाबी हात लावत न्हाई."

हा कायदा ऐकताच ताहेराबाईंनी पेन्सिल उचलिली आणि कागदाच्या माथ्यावर तोच लिहिला, आणि बाकी सारे यंत्र त्याखाली बसविले.

मग पौष महिनाभर यंत्राची उभारणी चालली. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली. बटण ट्रकाच्या हॉर्नचे बसविले, कारण की ते हात पडताच दबते आणि हात उचलताच सुटते. आणि बटणाचे वर हुकमत राहावी म्हणोन मोडक्या स्कूटरचे किल्लीचे कुलूप बसविले. किल्ली एकच. ती कुलुपात असेल तरच पेटीत जीव, काढली की पेटी मुडदा. आणि कलम ऐसे ठरले की, जो बाणापाशी जाईल त्याने किल्ली काढून आपल्या खिशात घालूनच जावे, आणि परत पंधरा पावलांवर आलियावरच ती लावावी. दुजी किल्ली असू नये. मीरासाहेबांनी सवयीने दुसरी किल्ली पाडून आणिली होती, ती ज्योतीरामांनी त्यांच्यासमोर ऐरणीवर ठेवून ठोकून सपाट केली. मीरासाहेब म्हणाले, "सहा आण्याची किल्ली होती." ज्योतीराम म्हणाले, "व्हय."

आता दिव्याचा मजकूर. बाणाच्या बुडची तार शाबूत आहे की तुटली, हे दुरून कळावे यास्तव पेटीवर एक दिवा असावा, आणि किल्ली लाविली असता तार धड असेल तरच तो पेटावा, ऐसी ताहेराबाईंची योजना. दिव्याचे खाते मीरासाहेबांकडे आले, आणि येथे त्या थोर पुरुषाची थोरवीच आड आली. आयुष्यभर लोकांस उजेड पुरविलेला मनुष्य. त्यास बारीक दिवा बसविणे म्हणजे अब्रूस बट्टा. त्यांणी ट्रकाच्या ब्रेकचा तांबडा दिवा काढिला, वाटीएवढा, आणि पेटीच्या कपाळी बसविला. म्हणाले, "भर दुपारी अख्ख्या भोसरीला दिसला पाहिजे, की हे मीरासाहेबचं काम आहे." दिवा दिसण्यात खरोखरीच देखणा होता. कोणी हरकत घेतली नाही.

मग पौष वद्यात एके रविवारी दिघीच्या अंगास मोकळ्या माळावर चाचणीचा मुक्काम पडला. सोबत सोपानराव घेतले. हे एका कारखान्याच्या फाटकावरील दारवान, आणि देवळातील कीर्तनात वीस वर्षे टाळ धरून बुवांच्या मागे उभे राहिलेले. त्यांचा आवाज तीन शेते ओलांडीत असे, म्हणोन उलटी गणती ललकारण्याचे काम त्यांजकडे दिले. त्यांस ते प्रथम रुचले नाही. म्हणाले, "बाई, आमच्यात नाम वाढत जातं. घटत मोजायचं म्हंजी कसं?"

ताहेराबाई म्हणाल्या, "सोपानकाका, घटत घटत शून्य झालं, की मगच ते वर जातं."

सोपानरावांचे नेत्र भरून आले. "हे तर निरूपण झालं," म्हणाले, आणि दहापासून खाली येण्यास राजी जाहले.

मग ज्योतीरामांनी किल्ली खिशात घातली, बाण रोविला, गुडघे टेकून चिमटे लाविले, पंधरा पावले मोजीत परत आले, आणि किल्ली मीरासाहेबांचे हाती दिली. मीरासाहेबांनी बिस्मिल्ला म्हणोन ती फिरविली. तांबडा दिवा ऐसा पेटला की जणू उगवतीचे बिंब. मीरासाहेब म्हणाले, "वा!" सोपानरावांनी छाती भरून "दहा!" म्हटले. आणि बटणास कोणाचा स्पर्शही जाहला नसता, नऊ म्हणावयाची फुरसत न देता, बाण आपल्याच मर्जीने उठला, आणि माळ ओलांडून सोजरबाई नामे गवळणीने वाळत घातलेल्या गोवऱ्यांत जाऊन पडला. म्हैस तेथून चाळीस हात दूर होती, हे येथे स्पष्ट लिहून ठेवितो.

"मुडद्यांनो!" सोजरबाईंनी दुरून हाक दिली. "गवऱ्या लावू लागा आता परत!" त्याप्रमाणे सर्वजण लावू लागले. सोपानरावांच्या गोवऱ्या विशेष गोल जाहल्या.

गोवऱ्या थापता थापता सर्वांच्या मनी एकच. किल्ली जर पेटीतच राहिली असती, तर चिमटे लागताच दिवा पेटला असता, आणि दिवा पेटताच बाण. आणि त्या वेळी बाणावर ज्योतीरामांचे तोंड ओणवे होते. फर्मानाची ठिणगी दूरच, माणूसच गेला असता. मीरासाहेबांचे हात शेणात तसेच थांबले. म्हणाले, "मी केलं का हे?"

ताहेराबाईंनी मान हलविली आणि शेणाच्या हातानेच जमिनीवर रेघ ओढून समजाविले की, बॅटरीचा प्रवाह दिव्यातून जातो आणि तोच पुढे तारेतून जातो. दिवा मोठा, त्याची तहान मोठी. त्याने इतका प्रवाह ओढिला की वाटेतली बिचारी तार तेवढ्यानेच लाल जाहली. "चाचा, दिव्यानं फक्त विचारायचंय, तार आहे का म्हणून. हुकूम बटणानं द्यायचाय. आपल्या दिव्यानं विचारतानाच हुकूम दिला."

मीरासाहेबांनी दोन दिवस पेटीस हात लाविला नाही. तिसरे दिवशी त्यांणी तांबडा दिवा उपटला आणि त्याचे जागी मोटारीच्या मीटरमधला, हरभऱ्याच्या डाळीएवढा दिवा बसविला, आणि उन्हात दिसावा म्हणोन त्यावर डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची काळी रंगविलेली टोपी घातली. मग तीन वेळा नुसत्या तारेवर, दारूवाचून, परीक्षा केली. दिवा पेटे, तार थंड. बटण दाबिता तार लाल. मीरासाहेब डब्याच्या टोपीत डोळा घालून म्हणाले, "आता हा गरीबासारखा विचारतो." या एका वाक्यात त्या पुरुषाने किती गिळिले ते जाणणारे जाणोत.

मग माघ शुद्ध सप्तमी, रविवार, रथसप्तमीचा दिवस उगवला. शाळेच्या मैदानी चुन्याची रेघ मारून पंधरा पावलांची सरहद्द आखिली. अलीकडे पेटी, पलीकडे बाण. कुसुमताई खुर्चीवर, मांडीवर सूचनांची वही. मागे मुले, मुलांमागे पालक, दुसऱ्या पाळीचे लोक डबे घेऊन. पेटीपाशी मुलांनी गर्दी करू नये म्हणोन कवायतमास्तर विलासराव यांस पहाऱ्यास बसविले. विलासराव मनाचे निर्मळ, परंतु स्वस्थ बसण्याची विद्या त्यांस प्राप्त नव्हती.

ज्योतीरामांनी किल्ली खिशात घालून बाणास चिमटे लाविले आणि परत येऊन किल्ली फिरविली. दिवा पेटेना. पुन्हा फिरविली. पेटेना.

"दिवा गेला असेल," मीरासाहेब म्हणाले. "बटण दाबून तर बघा."

सोपानरावांनी दहापासून आरंभ केला. आता कीर्तनात बुवांच्या मुखातून पद आले की मागल्यांनी ते झेलावे, ऐसी सवय. सबब "दहा" म्हणताच मैदानानेही "दहा" म्हटले, आणि "नऊ" म्हणताच "नऊ," आणि ऐसे एक-एक आकडा दोनदा घेत सारे शून्यास पोचले. ताहेराबाईंनी बटण दाबिले. बाण जैसा होता तैसा. मैदान हळहळले. मागून कोणी म्हणाले, "उदबत्ती लावा की, राव!" आणि खिशातून काडेपेटीही निघाली.

कुसुमताईंनी वहीचे झाकण उघडिले.

तेव्हा ताहेराबाईंचा रंग उतरला, परंतु यंत्राचे दुसरे कलम त्या विसरल्या नाहीत. कलम ऐसे होते की, बाण न उडाल्यास किल्ली तत्काळ काढावी आणि एक अभंग ध्रुपदासह पुरा म्हणेतो कोणी सरहद्द ओलांडू नये, कारण की दारू आत धुमसत असेल. ज्योतीरामांनी किल्ली काढिली आणि विजारीच्या उजव्या खिशात टाकिली. सोपानरावांनी टाळ नसता हातावर हात मारून अभंग धरिला, आणि लोक अगोदरच झेलण्याच्या नादात होते, ते सामील जाहले, आणि काडेपेटीवाल्यासही दोन्ही हात टाळीस लावणे भाग पडले. तिसऱ्या कडव्यास मुलींचा वरचा सूर ऐसा लागला की बाण उडाला नाही हे क्षणभर कोणाचे ध्यानी राहिले नाही.

अभंग संपताच ज्योतीराम सरहद्दीपलीकडे गेले आणि बाणापाशी गुडघे टेकले. चिमट्यांचे दात पाहतात तो पिवळे आणि तांबडे. दातादातात हळदीकुंकू, वर गोडे तेल. प्रवाहाने जावे कोठून?

"अंबू!" त्यांणी तेथूनच हाक दिली.

अंबूबाई म्हणजे ज्योतीरामांचे कुटुंब. सकाळी सूर्यास अर्घ्य दिलियावर त्यांणी पेटीची यथासांग पूजा केली होती आणि वायरीच्या टोकापर्यंत कोणास वंचित ठेविले नव्हते. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मीच लावलं. व्हय."

"वहिनी," मीरासाहेब डोक्यास हात लावून म्हणाले, "पूजा पेटीची करायची का दातांची?"

"नवं यंत्र हळदकुंकवाबिगर सुरू करायचं?" अंबूबाई म्हणाल्या. "त्या प्रेसला कुनी लावलं न्हवतं. काय झालं ते बघिटलं न्हवं समद्यांनी?"

यावर मीरासाहेबांनी डोक्यावरचा हात खाली घेतला. हळदीचा दोष नाही. देवास वाहिले ते पावले. दिवा पेटला नाही, कारण दिव्याने खरे सांगितले. त्याचे आम्ही ऐकिले नाही, एवढेच.

मग ज्योतीरामांनी सदऱ्याचे टोक काढिले आणि एक चिमटा पुसून तारेस लाविला, आणि दुसरा पुसून लाविला. दोन्ही दात तारेवर घट्ट बसले. बाणाचे बूड त्यांचे तोंडापासून वीतभर.

इकडे पेटीपाशी विलासराव बसले होते. पिंपरीपासून चाकणपर्यंत या मुलुखाची एक खोड आहे. कोणी काही दुरुस्त करीत असेल तर दुसऱ्याच्याने राहवत नाही. कोणी पंपाशी वाकला की दुसरा स्विच टाकून पाहतो, कोणी बल्ब लावावयास टेबलावर चढला की दुसरा बटण वरखाली करून पाहतो. त्यात पाप नाही, कुतूहल आहे. विलासराव म्हणाले, "बघू, लागतंय का." आणि हॉर्नचे ते बटण अंगठ्याने पुरते खाली दाबिले.

टक ऐसा आवाज जाहला. बटण लहान, परंतु तो आवाज मैदानाने ऐकिला. अंबूबाई किंचाळल्या. ताहेराबाई पेटीकडे धावल्या आणि मध्येच थबकल्या. कुसुमताईंची वही मांडीवरून खाली पडली. सोपानरावांचा मुखी आलेला देव मुखातच राहिला.

बाण हलला नाही. पेटी मुडदा होती. तिचा जीव पंधरा पावले दूर, एका फिटरच्या विजारीच्या खिशात.

ज्योतीरामांनी आवाज ऐकिला होता. त्यांचे हात एक क्षण थांबले. पाठ तशीच ठेवून, न वळता, त्यांणी विचारिले, "विलाससर, दाबलं का?"

विलासरावांचा अंगठा अजून बटणावर.

"आनखी एकदा दाबा," ज्योतीराम म्हणाले. "मनासारखं दाबा. माजं काम हाय अजून."

आणि त्यांणी चिमट्याखालची तार सरळ केली, बाण उभा आहे की नाही ते एक डोळा मिटून पाहिले, आणि सदऱ्याचे टोक आत खोवीत सावकाश उठले. खरी फत्ते जाहली ती येथे. तोफ नाही, धूर नाही, कोणी हार घातला नाही. लढाई न होणे हीच ज्या लढाईची जीत, तिचे पोवाडे होत नाहीत. म्हणोन येथे लिहून ठेविले.

पुढील वृत्तांत थोडका. ज्योतीराम परत आले, किल्ली लाविली, आणि डब्याच्या टोपीखाली हरभऱ्याच्या डाळीएवढा दिवा पेटला. सोपानरावांनी मोजिले, मैदानाने झेलिले, आणि शून्यास ताहेराबाईंनी तोच भाजून बरा जाहलेला उजवा हात बटणावर ठेविला आणि दाबिला. बाण फुत्कार करून उठला आणि पिंपळाच्या शेंड्याच्या दुप्पट उंच गेला आणि तेथे ठिपका होऊन राहिला, आणि मग साडीची छत्री उघडली, निळी, आणि तो डुलत डुलत शाळेच्या कौलांवर उतरला. लोकांनी काय केले ते लिहिता येत नाही. दुसऱ्या पाळीचे लोक उशिरा कामावर गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

विलासराव मात्र पेटीपासून दूर, चुन्याच्या रेघेवर उकिडवे बसले होते. म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, मला दिसला होतात तुम्ही. समोरच दिसत होतात. तरी दाबलं."

ज्योतीराम त्यांच्याशेजारी बसले. मग किल्ली काढिली आणि विलासरावांच्या तळहातावर ठेविली. "दुसरा बान हाय अजून," म्हणाले. "त्याला चिमटं तुमी लावायचं."

विलासरावांनी नको म्हणून पाहिले, परंतु ज्योतीराम ऐकेनात. मग विलासराव किल्ली खिशात घालून सरहद्दीपलीकडे गेले आणि बाणापाशी वाकले, आणि वाकलेले असता डाव्या हाताने त्यांणी खिसा चाचपला. चिमटा उघडिला आणि पुन्हा चाचपला. तारेस लाविला आणि पुन्हा. ऐसे सात वेळा जाहले. मैदानात कोणी हसले नाही. पेटीपाशी त्या वेळी ज्योतीराम बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

दुसरा बाणही गेला आणि आला.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे, माघ शुद्ध सप्तमी, भोसरीचे मैदानी मोहीम फत्ते जाहली. उडाले बाण दोन, परत आले बाण दोन, भाजले बोट एकही नाही. विज्ञान मंडळाचा अंमल पश्चिमेकडील खोलीवर कायम. कुसुमताईंनी पडलेली वही उचलून धूळ झटकली आणि जुन्या फर्मानाखाली आपल्या हस्ते लिहिले की, यंत्र पाहिले, माणसेही पाहिली, पुढील शनिवारी मंडळ नेहमीप्रमाणे भरेल. मग त्यावर शाळेचा शिक्का उमटविला, आणि शाई ओली होती म्हणोन वही उन्हात उघडीच ठेविली.